पगार वेळेवर, मग कपाळाला आठी का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवारचा उपास सोडून आम्ही नुकतेच हात धुतले होते, तोच शेजारच्या वहिनी मागच्या दारानं आत आल्या. हातात चार घड्या घातलेला कागद होता. "ह्यांचा शर्ट भिजवायला घेतला तर खिशात हे सापडलं. तुम्हीच वाचा," म्हणाल्या आणि पाटावर बसून राहिल्या.

कागद म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचा कच्चा मसुदा होता. भाऊजी आमच्याच तालुक्याच्या गावी महसूल खात्यात कारकून. चोवीस वर्षं नोकरी झालेली, वय सत्तेचाळीस. थोरली मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा यंदा दहावीला. घराचे हप्ते अजून सहा वर्षं बाकी. अशा वेळी हा माणूस नोकरी सोडायचं मनात आणतो आणि बायकोला ते शर्टाच्या खिशातून कळतं!

"कर्ज झालंय का? कुणाशी भांडण? की तब्येतीचं काही?" मी विचारलं.

"काही नाही हो. एक तारखेला पगार होतो. शनिवार-रविवार सुट्टी. पण घरी आले की भिंतीकडे बघत बसतात. काय झालं विचारलं की म्हणतात, नेहमीचंच."

मैत्रिणींनो, हे 'नेहमीचंच' आपल्यापैकी कितीजणींच्या घरात रोज संध्याकाळी ऐकू येतं! स्थळ बघताना 'मुलगा सरकारी नोकरीत आहे' म्हटलं की निम्मी बोलणी तिथंच ठरतात. स्पर्धा परीक्षांचे क्लास लावून मुलंमुली ऐन उमेदीची चार-पाच वर्षं एका खुर्चीसाठी घालवतात. आणि ज्यांना ती खुर्ची मिळाली आहे, त्यांच्यातले कितीतरी तिच्यावर बसून सुस्कारे टाकतात. असं का व्हावं? त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. चार पुस्तकं वाचली, नोकरी करणाऱ्या भावा-बहिणींशी बोलले. हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

पगार म्हणजे आमटीतलं मीठ

पहिल्यांदा पैशाचंच बोलू. पैसा महत्त्वाचा नाही असं म्हणणाऱ्यानं कधी वाण्याचं बिल भागवलेलं नसतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य सरकारच्या लिपिकाचं मूळ वेतन 19,900 रुपयांपासून सुरू होतं आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडं मिळतं. आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला गेला, पण आपल्या राज्यात वाढीव पगार प्रत्यक्ष हातात यायला 2019 साल उजाडलं. ती तीन वर्षं 'फरक कधी मिळणार' हा घरोघरचा विषय होता.

उद्याची काळजीही तशीच. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना राहिली नाही. मार्च 2023 मध्ये राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते काही त्या महिन्याच्या पगारासाठी नव्हे. म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला नक्की काय मिळणार, हे त्यांना आज कळायला हवं होतं.

म्हणजे पगार आणि पेन्शन नसली, कमी पडली, अडकली, तर माणूस नाराज होणारच. पण ती असली म्हणजे माणूस सुखी होतो का? इथंच खरी गंमत आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1959 साली बर्नार्ड मॉसनर आणि बार्बरा स्नायडरमन या दोन सहकाऱ्यांबरोबर एक पुस्तक लिहिलं. पिट्सबर्गमधल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनीसांना त्यांनी साधंच विचारलं होतं: कामात तुम्हाला फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असाही सांगा. वाईट प्रसंगांत पुष्कळदा आलं ते कचेरीचं धोरण, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा, सहकाऱ्यांशी खटके. बऱ्या प्रसंगांत मात्र वेगळ्याच गोष्टी निघाल्या. हातून काही पार पडलं, कुणी त्याची दखल घेतली, कामच मनाजोगतं होतं, जबाबदारी मिळाली, पुढची पायरी चढता आली.

त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण आपल्याला स्वयंपाकघरातून ते चटकन समजेल. आमटीत मीठ नसलं तर पहिल्या घासालाच कळतं. पण मीठ बरोबर पडलंय म्हणून कुणी 'वा, काय मीठ आहे!' असं म्हणत नाही. पगाराचं तसंच आहे. तो नसला तर सगळं बेचव, पण नुसत्या त्याच्यावर आमटी होत नाही.

आपल्याकडे सरकारी नोकरांना 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पदाची वेतनश्रेणी देण्याची 'आश्वासित प्रगती योजना' आहे. बढतीची जागाच रिकामी नसेल तर निदान पैशाचं नुकसान होऊ नये, म्हणून ती केलेली. चांगलीच सोय आहे. पण तीत पगार एक पायरी वर जातो आणि माणूस त्याच टेबलाशी, त्याच फायलींत राहतो. भाऊजींना दुसरा लाभ मिळाला तेव्हा वहिनींनी पेढे वाटले होते. ते मात्र म्हणाले होते, "पेढे कसले? मी तिथंच आहे."

'चांगलं केलंत' एवढे दोन शब्द

भाऊजींना मी एका रविवारी चहाला बोलावलं. कागदाचा विषय काढला नाही. "तुम्हाला नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस कुठले वाटतात?" एवढंच विचारलं. मला वाटलं, नोकरी लागली तो दिवस सांगतील. त्यांनी सांगितला ऑगस्ट 2019 चा महापूर.

"वहिनी, तेव्हा बारा दिवस मी धड झोपलो नाही," ते सांगू लागले. शाळांतून लोकांची सोय लावायची, कुठल्या वाडीत किती माणसं अडकलीत त्याच्या याद्या करायच्या, पाणी ओसरल्यावर चिखलातून घरोघर फिरून पंचनामे. एका म्हातारीच्या घराची भिंत पडली होती आणि तिचे कागदपत्र वाहून गेले होते. तिचा पंचनामा त्यांनी शेजाऱ्यांचे जबाब घेऊन पुरा केला, तिला मदत मिळाली. सांगताना त्यांचा आवाजच बदलला होता.

"मग पुढे?"

"पुढे काय! सत्कार झाला, त्यात माझं नाव नव्हतं. यादी करणाऱ्यानं राहवून दिलं असेल. त्यानंतर मला आवक-जावक दिलं. आलेल्या टपालाला नंबर घालायचा, गेलेल्या टपालाला नंबर घालायचा. सहा वर्षं झाली."

त्यांना सत्काराची शाल नको होती. साहेबांनी जाता जाता 'चांगलं केलंत' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आपल्याकडे ते म्हणायची रीतच नाही. काम बरोबर झालं की त्यात काय विशेष, आणि चुकलं की 'खुलासा सादर करा'. वर्षाकाठी गोपनीय अहवाल लिहिला जातो, पण 'गोपनीय' या शब्दामुळे पुष्कळांना आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं याचा वर्षानुवर्षं पत्ता नसायचा. अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली स्पष्ट केलं. आपल्या माणसाला त्याचा शेरा कळतो का, हे जरूर विचारा. चांगला शेरा असला तर तो घरात वाचून दाखवायला सांगा!

लंडनचे शिपाई आणि हृदयविकार

आता जरा दूरचं उदाहरण देते, पण ते सरकारी कचेरीचंच आहे. लंडनमध्ये 'व्हाइटहॉल' या भागात सरकारी कचेऱ्या आहेत. तिथल्या सतरा हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी 1967 साली सुरू झाली. सर्वांची नोकरी पक्की, सर्वांना पेन्शन. तोवर समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग. जबाबदारीचा ताण त्यांनाच. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांत हृदयविकारानं होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. विडीकाडी, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता भरून निघेना.

म्हणून 1985 साली दुसरी पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेळी दहा हजारांवर कर्मचारी घेतले, त्यांत तीन हजारांवर बायकाही होत्या. त्यातून पुढे आलेलं एक कारण आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, म्हणजे काय करायचं, कसं करायचं, कशानंतर काय करायचं यातलं काहीच ज्यांच्या हाती नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त.

आपल्याला हे नवीन नाही. सासूबाईंच्या हाताखाली दिवसभर राबलं तरी भाजी कुठली करायची हे विचारायला लागतं, तेव्हा येणारा शीण आणि आपल्या मनानं सणाचा सगळा स्वयंपाक केल्यावर येणारा शीण यातला फरक कुणी आपल्याला शिकवायला नको.

तेव्हा 'बसून तर काम आहे, त्यात थकायला काय झालं?' असं पुन्हा म्हणू नका.

जिच्या दोन कचेऱ्या

आतापर्यंत नवऱ्यांचं झालं. पण आपल्यातल्या कितीजणी स्वतःच नोकरीत आहेत. राज्यानं 1994 साली पहिलं महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या, आणि तलाठ्याच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत बायका दिसू लागल्या.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला विचारलं, नोकरी आवडते का? ती म्हणाली, "वर्ग आवडतो, नोकरी नाही आवडत." चौथीतला मुलगा पहिल्यांदा अडखळत न थांबता धडा वाचतो तेव्हा तिला आभाळ ठेंगणं होतं. पण माहिती भरा, फोटो पाठवा, तक्ते करा, तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात पुन्हा भरा, यात दिवस जातो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामाला लावू नये असं सांगितलं आहे. माहितीचे तक्ते मात्र संपत नाहीत. ज्या कामासाठी नोकरी धरली तेच करायला सवड मिळू नये, हे दुःख पगारवाढीनं जात नाही.

दुसरं दुखणं बदलीचं. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या, मूल आजीजवळ तिसऱ्या गावी, असे संसार आपण पाहिले आहेत. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानं सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत घालून दिली आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत व्हाव्यात असं ठरवलं, म्हणजे मुलांच्या शाळा मध्येच तुटू नयेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या 2017 च्या धोरणानंतर संगणकावरून होऊ लागल्या आणि पती-पत्नी एकत्रीकरणालाही त्यात स्थान मिळालं. बहीण म्हणते, "मनासारखं गाव नाही मिळालं, पण कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं नाही. त्याचंच समाधान." ऐका बरं! गाव न मिळूनही समाधान, कारण नियम सगळ्यांना सारखा लागला. वशिल्यानं शेजारचीची बदली झालेली पाहून जी जळजळ होते, ती लांबच्या प्रवासापेक्षा वाईट.

ज्या भगिनी राज्याच्या सेवेत आहेत त्यांनी आपले हक्कही माहीत करून घ्यावेत. प्रसूती रजा 180 दिवसांची आहे. मुलांच्या आजारपणासाठी, परीक्षांसाठी म्हणून 2018 पासून बालसंगोपन रजा मिळते. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत सबंध नोकरीत मिळून 180 दिवस. कुणी त्रास देत असेल तर 2013 च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसांच्या कचेरीत तक्रार समिती असणं सक्तीचं आहे. बाकी कचेरीतलं स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मला माहीत आहेत. 'कामाची जागा' हे शब्द पुस्तकात फार सोज्वळ वाटतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की दाराला कडी आहे का.

लोक काय म्हणतात

अमेरिकेत जेम्स पेरी आणि लोइस वाइज या दोन अभ्यासकांनी 1990 साली लिहिलं की काही माणसं सरकारी कामाकडे वळतात ती लोकांच्या उपयोगी पडण्याच्या ओढीनं. आपल्याला ऐकून हसू येईल. सरकारी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'उद्या या' म्हणणाराच येतो. असे आहेतच, आणि त्यांच्यामुळे हेलपाटे आपणही घातले आहेत. पण पुरातल्या त्या म्हातारीबद्दल बोलताना भाऊजींचा चेहरा मी पाहिला. ज्याच्या मनात ही ओढ आहे, त्याला सहा वर्षं माणसाचं तोंड न दिसणाऱ्या टेबलाशी बसवलं तर तो कुढणार. आणि वर चारचौघांत कुणी 'तुम्हाला काय, सरकारचे जावई!' म्हणून टाळी घेतो, तेव्हा तो हसण्यावारी नेतो, पण ते त्याला लागतंच.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. 'त्यांच्याच हाताखालच्या माणसानं दोन मजली घर बांधलं, आणि तुम्ही?' हे वाक्य कितीतरी सरळ माणसांनी घरातच ऐकलेलं असतं. सरळपणाचं समाधान हीच ज्याची कमाई आहे, ती आपणच त्याच्या हातून काढून घेऊ नये.

घरात काय करता येईल

कचेरी आपल्याला बदलता येत नाही. पण काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

1. दारातच 'आज काय झालं?' म्हणून विचारू नये. चहा होऊ द्यावा, अर्धा तास जाऊ द्यावा. मग 'आज कोण आलं होतं?' असं विचारावं. माणसाबद्दल विचारलं की माणूस बोलतो.

2. नोकरी नको झाली आहे की टेबल, साहेब, गाव यांपैकी एक नको झालं आहे, हे नीट वेगळं करावं. नोकरी सोडण्याआधी टेबल किंवा शाखा बदलून मागता येते. लेखी, सभ्य शब्दांत, कारण देऊन.

3. सेवापुस्तक वर्षातून एकदा पाहायला सांगावं. वेतनवाढीच्या नोंदी, रजेचा हिशेब, वारसाचं नाव बरोबर आहे का बघावं. निवृत्तीच्या तोंडावर निघालेल्या चुका फार छळतात.

4. स्वेच्छानिवृत्तीचा विचार असेलच तर राज्याच्या नियमांत वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन ती घेता येते. पण त्याआधी निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि रजेचे पैसे यांचा हिशेब आस्थापना शाखेतून कागदावर घ्यावा. तो घरखर्चाच्या वहीशेजारी ठेवून दोघांनी बसून वाचावा. 2005 नंतर लागलेल्यांनी तर आपल्याला कुठली योजना लागू आहे हे आधी पक्कं करावं.

5. कचेरीबाहेर काहीतरी असू द्यावं. भजनी मंडळ, बाग, वाचनालय, कसलंही. ज्यात काय करायचं ते स्वतः ठरवता येतं, असं एक तरी काम हवं.

6. नोकरी बायकोची असेल तर हे सगळं नवऱ्यानं वाचावं. चहासुद्धा त्यानंच करावा!

भाऊजींचं पुढे काय झालं

वहिनींनी त्या कागदाबद्दल दोन दिवसांनी विचारलं. ओरडून नव्हे, घरखर्चाची वही पुढ्यात ठेवून. "सोडायची असेल तर सोडा. पण आधी दोघं हिशेब करू, आणि त्याच्याआधी साहेबांना टेबल बदलून मागा," एवढंच म्हणाल्या. भाऊजी म्हणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं, तू रडशील." "रडून झालंय," वहिनी म्हणाल्या.

अर्ज केला. दोन महिने काही झालं नाही. मग संजय गांधी निराधार योजनेचं टेबल रिकामं झालं. गर्दीचं काम, दिवसभर विधवा, अपंग, म्हातारी माणसं दारात. ते कुणाला नको होतं, यांनी मागून घेतलं.

बढती अजून झालेली नाही. पगार तोच आहे. उलट आता घरी यायला सव्वासहाचे सात वाजतात. परवा वहिनी डाळ निवडता निवडता कुरकुरत होत्या, "पूर्वी गप्प बसायचे ते बरं होतं. आता जेवताना तास-तास सांगत बसतात, अमकीचा दाखला मिळाला, तमकीचं अनुदान सुरू झालं. भाजी गार होते हो!"

तो कागद मात्र फाडलेला नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे. "असू दे," म्हणाल्या, "पुन्हा भिंतीकडे बघायला लागले, तर या खेपेला मीच काढून पुढे ठेवीन."